वगळलेल्या ओळी

सिंधुदुर्गाची फाइल पुन्हा अडकली, तेव्हा शाल्मलीनं लेकीला मांडीवरून उतरवून सतरंजीवर ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर लाल पट्टी होती. हवे होते त्यापेक्षा एक रकाना जास्त सापडला, अशी सॉफ्टवेअरची तक्रार. बाकीच्या जिल्ह्यांच्या फाइली निमूटपणे आत गेल्या होत्या. ही एकटीच उंबऱ्यावर हटून बसली होती.

फोनवर लोहोकरे सर होते. ते बालजीवन केंद्राच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख. पुण्यात बसायचे आणि मिरजेतून घरबसल्या काम करणाऱ्या शाल्मलीचा आवाज ऐकला की आधी तिच्या लेकीची चौकशी करायचे.

"काय म्हणतात आमच्या सर्वांत ज्युनिअर सांख्यिकीतज्ज्ञ?"

"कीबोर्ड चाटून झाला, सर. आता चार्जरच्या मागं लागल्यात."

"मग फाइल त्यांनीच बिघडवली असणार."

"नाही हो. कणकवलीत कुणीतरी पत्त्यात स्वल्पविराम टाकलाय. वरची वाडी, स्वल्पविराम, शाळेजवळ. आपलं सॉफ्टवेअर स्वल्पविराम दिसला की नवा रकाना सुरू करतं. त्या ओळीतलं सगळं एकेक घर पुढे सरकलंय. ठोक्यांच्या जागी वजन आलंय."

"म्हणजे एका बाळाचं हृदय मिनिटाला पाच वेळा धडधडतंय."

"सव्वापाच, सर. गुटगुटीत आहे."

सर हसले. "काढ तो स्वल्पविराम आणि लोट आत."

रेवा तोवर चार्जरपर्यंत पोचली होती. शाल्मलीनं तिला उचललं, आणि सवयीनं झबल्याच्या गळ्यातून आत बघितलं. छातीवर टिकली होती. फोनवर हिरवा ठिपका होता. तरीही तिनं तळहात टेकवून श्वास चालू असल्याची खात्री केली. तिचा नवरा म्हणायचा, तू मशीनवर पहारा ठेवतेस की पोरीवर? तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

टिकलीचं सरकारी नाव 'जागल' होतं, पण तसं कुणी म्हणत नसे. बाळ जन्मलं की दवाखान्यातच ती छातीवर चिकटवत. वर्षभर ती हृदयाचा एकेक ठोका मोजून फोनमार्फत केंद्राकडे पाठवायची. तिच्यामागचं शास्त्र साधं होतं. निरोगी बाळाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमी, थोडं जास्त होत राहतं. वाऱ्यावर पान हलावं तसं. रक्तात संसर्ग शिरला की ताप चढायच्या कितीतरी आधी ही थरथर कमी होते आणि ठोके एका मापाचे पडू लागतात. आलेखातली रेघ जितकी नीटनेटकी, तितकी बाळाची अवस्था वाईट. मात्र प्रत्येक बाळाची थरथर वेगळी असते. म्हणून केंद्र प्रत्येक बाळाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आदल्या दिवसांशी करायचं आणि धोक्याचा आकडा काढायचं. आकडा चढला की ठिपका लाल आणि आईच्या फोनची घंटा चालू. त्या घंटेनं कितीतरी बाळं वाचली होती. ज्या घरांत तान्हं मूल होतं, तिथं टिकलीवर देवाइतका विश्वास होता.

फक्त गारगोटीच्या एका घरात तिचं नाव काढत नसत. ते शाल्मलीचं माहेर.

स्वल्पविराम काढला, फाइल आत गेली. खाली नेहमीची पिवळी ओळ उमटली. काही ओळी वगळल्या. ही सूचना दर खेपेला यायची आणि कुणी वाचायचं नाही. लाल असेल तर काम अडतं, पिवळ्यानं कुणाचं अडत नव्हतं. शिवाय फाइली दर तासाला आपोआप भरल्या जात. अडली तरच ती माणसापुढे यायची. पण आज शाल्मलीनं स्वतःच्या हातानं ओळ दुरुस्त केली होती. ती तर वगळली गेली नाही ना, या काळजीनं तिनं पिवळ्या सूचनेवर बोट ठेवलं.

यादी उघडली. तिची ओळ त्यात नव्हती. ज्या होत्या, त्या सगळ्या चांगल्या, भरलेल्या, बिनचूक दिसत होत्या. क्रमांक बरोबर, ठोके बरोबर. शेवटच्या रकान्यात वगळण्याचं कारण होतं: एकच बाळ दोन जिल्ह्यांत.

ती थांबली. तिनं ती बाळं वयानुसार लावली. बहुतेक तीन महिन्यांच्या आसपासची. मग आईचं कितवं बाळंतपण, तो रकाना बघितला. पहिलं. पहिलं. पहिलं. खालपर्यंत पहिलंच.

ही बाळं कोण आहेत, ते तिला कळलं होतं. सॉफ्टवेअर लिहिणारे कुठल्या तरी दूरच्या देशातले होते. त्यांच्या लेखी बाळ जिथं जन्मतं तिथंच राहतं. पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते आणि तिसऱ्या महिन्यात बाळ घेऊन सासरी येते, हे त्यांना कोण सांगणार? गाडीनं जिल्ह्याची हद्द ओलांडली की फोन नव्या जिल्ह्यात नोंद सुरू करायचा, जुनी नोंदही चालूच असायची. सॉफ्टवेअर म्हणायचं, एकच बाळ दोन ठिकाणी कसं असेल? यातलं एक खोटं. निकाल लागेपर्यंत दोन्ही नोंदी बाजूला ठेवा. निकाल लावायला तिथं कुणीच बसलेलं नव्हतं. पंधरा दिवसांनी जुनी नोंद आपोआप बंद व्हायची, आणि बाळ पुन्हा दिसू लागायचं. जणू काही झालंच नव्हतं.

आणि ते पंधरा दिवस? तिनं नियमांची पानं काढली. नोंद नसेल तर आकड्याचा रकाना कोरा. पुढच्या पायरीला कोरा रकाना म्हणजे शून्य. शून्य म्हणजे धोका नाही. धोका नाही म्हणजे हिरवा.

तिनं पहिल्यांदा रेवाचा क्रमांक शोधला. गारगोटीहून मिरजेला आल्यानंतरचा पंधरवडा पूर्ण वगळलेला होता. बाळंतपणानंतर शाल्मली पहिल्यांदा सलग झोपली, ती त्याच पंधरवड्यात. उशाशी हिरवा ठिपका आहे ना, मग डोळे मिटायला काय हरकत, म्हणून. ती उठली, खेळणाऱ्या रेवाला उगाचच छातीशी धरलं. रेवानं वैतागून तिचे केस ओढले.

दुसरा क्रमांक, भावाच्या बाळाचा, तिला पाठ नव्हता. नावानं शोधावं लागलं, आणि नाव तर ठेवायचंच राहिलं होतं. बाळ, आई दीक्षा विराज सावेकर. जन्म कणकवली. पाळणा गारगोटीत सजला होता, आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायला शाल्मली मिरजेहून येऊन बसली होती. तिचा धाकटा भाऊ विराज बायको-बाळाला आणायला कणकवलीला गेला होता. फोंडा घाट चढून, जिल्ह्याची हद्द ओलांडून गाडी आली ती थेट दवाखान्यात. संध्याकाळपर्यंत बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू पसरलेत, सकाळपासून सुरुवात झाली असणार. टिकलीनं सांगितलं नाही?

केंद्राचा कागद आला, त्यावर लिहिलं होतं: प्रवासाच्या दिवसाची नोंद उपलब्ध नाही. विराजनं त्याचा एकच अर्थ काढला. निघताना अंघोळ घातली तेव्हा दीक्षानं टिकली काढली आणि परत लावायला विसरली. दीक्षा नाही म्हणत राहिली. नंतर तेही म्हणायचं सोडलं. दिवाळीनंतर ती माहेरी गेली ती गेलीच.

ओळ सापडली. टिकली निघाली नव्हती. त्या दिवसाचा एकेक ठोका तिथं होता. शाल्मलीनं आलेख काढला आणि फार वेळ बघू शकली नाही. सकाळी रेघ थरथरत होती. घाटात ती शांत होऊ लागली. राधानगरीपर्यंत पट्टीनं आखल्यासारखी सरळ झाली होती.

लोहोकरे सरांनी तिचं ऐकून घेतलं. मध्ये एकही विनोद केला नाही. तासाभरात त्यांनी तो नियम बंद करवला आणि कोऱ्या रकान्याला राखाडी रंग द्यायला लावला. मग त्यांचा पुन्हा फोन आला.

"दुरुस्त झालं. आजपासून एकही बाळ सुटणार नाही. तुझ्यामुळे."

"आणि आधी गेलेली, सर? त्यांच्या आयांना कळवायला पाहिजे."

"काय कळवू? तुमचं बाळ आजारी पडतंय हे आमच्याकडे आलं होतं, पण आम्ही बाजूला ठेवलं?"

"हो. हेच."

"शाल्मली, नोकरीची भीती मला नाही. पण आता कुठं त्या बायका सावरल्या असतील. वाचलं असतं, हे कळून कुणाचं भलं होणार? किती जणींना पुन्हा रडवशील?"

"त्यांना वाटतंय चूक त्यांची आहे. तुमच्या कोऱ्या रकान्यानं माझ्या भावजयीला घराबाहेर बसवलंय."

सर थकल्या आवाजात म्हणाले, "मग आधी घरी सांग. काय होतं ते बघ. आणि तूच मला सांग, पत्रं धाडायची की नाही."

विराजचं गारगोटीत एसटी स्टँडसमोर बॅटऱ्यांचं दुकान होतं. रेवाला घेऊन ताई दारात उभी बघून तो गडबडीनं उठला.

"अगं, फोन तरी करायचास की! न्यायला आलो असतो. आई घरात हाय, पोरीला ऊन लागंल." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं?"

"शटर निम्मं खाली घे."

तिनं लॅपटॉप काउंटरवर उघडला. पाल्हाळ न लावता सगळं सांगितलं. विराज पडद्याकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता.

"म्हणजे टिकली अंगावर होती."

"होती."

"आणि ते हिरवं?"

"ते रिकामं होतं, विराज. 'आम्हाला काही माहीत नाही', याला ते 'सगळं ठीक आहे' म्हणत होतं."

तो स्टुलावर बसला. रेवानं त्याच्याकडे हात पसरले. त्यानं ते बघितलेच नाहीत. बाहेर एसटी मागे घेताना कंडक्टर घंटी मारत होता. ती थांबल्यावर विराज बोलू लागला.

"दाजीपूरच्या अलीकडं ती म्हणाली, गाडी थांबवा. म्हणाली, पीत नाहीये, अंग टाकलंय त्यानं. मागं फिरू, फोंड्याला डॉक्टर आहे म्हणाली. गाडी बॅटरीवरची, चार्जिंग कमी होतं, ताई. मागं फिरलो असतो तर वर परत चढलो नसतो. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. म्हटलं, मशीनला जास्त कळतंय का तुला?"

शाल्मलीनं रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग ती गप्प बसली. पार इथं येईपर्यंत गप्प. आणि त्यानंतर आजवर ती हे कुणाला बोलली नाही. आईला नाही, तुला नाही. टिकली काढली नव्हती, एवढंच म्हणायची."

"आणि तरी तू तिच्यावर ढकललंस?"

"ढकललं नाही गं. मला तसंच वाटत होतं." तो थांबला. "वाटवून घेतलं. तिनं काढली नसंल तर मग काय राहिलं? मी राहिलो. भाताचा घास आत जाईना झाला असता मला." त्यानं लॅपटॉपचं झाकण हळूच लोटलं. "ताई, तिला दाखवू नको हे. तुझ्या पाया पडतो. मी तिला जाऊन घेऊन येतो. माफी मागतो. पण हे नको दाखवू. हे बघितल्यावर ती माझ्याकडं बघणार नाही."

"न दाखवता आणलीस, तर आयुष्यभर ती टिकली काढणारी म्हणून नांदणार. तुझ्याच घरात."

त्यानं मान खाली घातली. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. लहानपणी तो पडला की ती तसंच करायची. हात उचलला, पण दुकानातल्या त्या निम्म्या उजेडात तिच्या डोळ्यांपुढे गाडीच्या मागच्या सीटवर गप्प बसलेली दीक्षा आली. हात परत रेवाच्या पाठीवर गेला.

"उद्या मला कणकवलीला सोड," ती म्हणाली. "आत ये म्हणत नाही. सोड फक्त."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. दाजीपूर ओलांडून घाट लागला तेव्हा विराजनं काच खाली केली आणि लगेच परत वर घेतली.

दीक्षाच्या माहेरी अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या. तिच्या आईनं रेवाला घेतलं, रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "गाडयेत कोण आसा?"

"विराज आहे."

म्हातारी रेवाला घेऊन परसात गेली.

दीक्षा ओटीवर बसली होती. वाळली होती, पण केस नीट विंचरलेले, आवाज स्थिर. "ताई, चहा ठेवू?" असं तिनं नेहमीसारखं विचारलं. शाल्मलीनं तिला धरून शेजारी बसवलं आणि जे विराजला सांगितलं तेच सांगितलं. दीक्षानं मध्ये एकदाही हुंदका दिला नाही. संपल्यावर एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं मी काढली नव्हती. पण इतकं सगळे म्हणायला लागले, की कधी कधी वाटायचं, काढली असेन."

मग तिनं विचारलं, "यात फक्त तोच दिवस आहे?"

"नाही. जन्मला त्या दिवसापासून सगळं आहे."

"सगळं म्हणजे?"

"एकेक ठोका."

दीक्षा लॅपटॉपकडे सरकली. "दाखवा. पहिल्यापासून."

शाल्मलीनं आलेख सुरुवातीला नेला. इतकी वर्षं ती अशा रेघांत काम करत होती. तिच्या लेखी ती थरथर म्हणजे एक सरासरी आणि तिच्या आजूबाजूचा पसारा. दीक्षानं रेघेवर बोट टेकवलं आणि बोट हळूहळू पुढे नेत राहिली.

"हे काय, एकदम वर गेलंय?"

"ठोके वाढलेत. सकाळची वेळ आहे."

"अंघोळ. माझी काकी घालायची. पाणी अंगावर पडलं की असा आकांत करायचा, शेजारचे विचारायचे काय कापताय काय." ती किंचित हसली. "आणि हे? वर खाली, वर खाली?"

"मला नाही सांगता यायचं."

"पितोय. घाईघाईनं चार घोट, मग दम खायचा, मग परत. हावरा होता." बोट पुढे गेलं. "इथं झोपला. बघा, कसा मऊ झालाय."

अशी ती कितीतरी वेळ वाचत राहिली. आजीनं मांडीवर घेतलेलं तिला ओळखू आलं, लस टोचली ती दुपार ओळखू आली. ऊन ओटीवरून खाली उतरलं. शाल्मलीला वाटत होतं, इथंच थांबवावं. पण दीक्षा थांबली नाही. प्रवासाचा दिवस आला.

"निघालो. गाडीत बसवलं तेव्हा रडला होता." बोट थोडं पुढे सरकलं आणि अडलं. "इथून अशी नीट का झाली रेघ?"

"नीट होणं वाईट असतं, दीक्षा."

"हे कुठं?"

"घाट संपतो तिथं. दाजीपूरच्या अलीकडं."

दीक्षानं बोट रेघेवर तसंच दाबून धरलं. मग म्हणाली, "तिथंच मी त्यांना..."

"माहीत आहे. त्यानं सांगितलं मला."

"त्यांनी?" तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "स्वतःहून सांगितलं?"

"हो."

दीक्षानं पदराच्या टोकानं डोळे कोरडे केले, आणि ते पुन्हा भरले. "ताई, टिकली काढली म्हणायचे ना, त्याचा मला राग यायचा. तो राग होता तोवर बरं होतं. रोज उठायला काहीतरी होतं. आता मी कुणाला विचारू? मला कळत होतं. माझ्या मांडीवर होता तो, मला कळत होतं. मी दार उघडून खाली का उतरले नाही? त्यांनी हिरवं दाखवलं आणि मीपण बघितलं ते. मला बरं वाटलं हो बघून. क्षणभर बरं वाटलं."

शाल्मलीनं तिला जवळ घेतलं. तो ठिपका बघून तीसुद्धा पंधरा दिवस निवांत झोपली होती आणि तिची पोर परसात खिदळत होती. दोघींत फरक होता तो एवढाच, आणि तो कुणाच्याच हातातला नव्हता.

जरा वेळानं तिनं विचारलं, "दीक्षा, तुझ्यासारख्या आणखी आहेत. आमचे सर विचारतात, त्यांना पत्र लिहायचं की नाही. तू म्हणशील तसं."

"पत्रात काय लिहिणार? क्षमस्व?" दीक्षा सरळ बसली. "पत्र नको. ज्याच्या त्याच्या बाळाच्या ओळी द्या परत. पहिल्यापासून सगळ्या. बरोबर माणूस पाठवा, रेघ कशी बघायची ते दाखवणारं. ज्यांना नको असेल त्या नाही म्हणतील. पण विचारा प्रत्येकीला. आमच्या आहेत त्या ओळी."

"बरं."

"आणि माझ्या मला इथं देऊन जा. त्या दिवशीच्या सकाळपर्यंतच्या."

"पुढच्या?"

दीक्षानं फाटकाबाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेला गाडी उन्हात उभी होती. काचा बंद होत्या, आणि आत विराज स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता, गाडी चालू असल्यासारखा. तिनं लॅपटॉप उचलला आणि शाल्मलीच्या हातात दिला. रेघ अजून घाटातच होती.

"इथून पुढचं त्यांनी वाचायचं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. मग आत यायचं असेल तर येऊ देत."

शाल्मली पायऱ्या उतरली. वाळत घातलेल्या बियांना वळसा घालून ती फाटकापर्यंत गेली. उन्हात पडद्यावरचं काही दिसेना, म्हणून तिनं त्यावर ओढणी धरली आणि गाडीच्या काचेवर टकटक केलं.